कोकणातल्या 110 सीसी स्कूटरचं इंजिन: उघडण्याआधीची तपासणी, व्हॉल्व्हचं काम आणि पुन्हा भरणं

ॲक्टिव्हा, डिओ, ज्युपिटर यांच्यासारख्या एअर-कूल्ड फोर-स्ट्रोक स्कूटरला चांगलं ऑईल आणि स्वच्छ हवा मिळाली, तर तिचं इंजिन वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. किनारपट्टीवर नेमक्या याच दोन गोष्टींची अडचण असते. चिरेखाणीच्या रस्त्यावरची तांबडी धूळ फिल्टरच्या सांध्यातून आत शिरते. खारी हवा बोल्ट आणि फिन (इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या) खाते. मासळीच्या टपातून ठिबकणारं खारट पाणी थेट इंजिनच्या कव्हरवर पडतं. इंजिन कशामुळे घासलं ते शोधून ती वाट आधी बंद करायला हवी, नाहीतर नवा ब्लॉक (पिस्टन ज्यात फिरतो तो सिलिंडर) टाकूनही पैसे वाया जातात.

गाडी धूर मारते म्हटल्यावर सरळ ‘हाफ इंजिन’चं, म्हणजे खालचा क्रँक न उघडता ब्लॉक-पिस्टनचं, काम काढायची पद्धत आहे. ती चुकीची आहे. अर्ध्या तासाच्या तपासणीत दोष हेडमध्ये (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) आहे, ब्लॉकमध्ये आहे की क्रँकमध्ये (पिस्टनने फिरणारा खालचा दांडा), हे बहुतेक वेळा कळतं, आणि खर्च त्यावरच ठरतो.

उघडण्याआधी

धूर कधी येतो ते बघा. गाडी चालताना, विशेषतः रेस वाढवल्यावर सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) गेलेला असतो. सकाळी पहिल्या स्टार्टला भपकन येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे ऑईल सील किंवा गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) संशयित. याची खात्री घाटात होते. कुंभार्ली किंवा आंबा घाट ॲक्सिलरेटर सोडून उतरा आणि पायथ्याशी एकदम रेस द्या. त्या क्षणी मागे निळा ढग उठला तर ऑईल गाइडमधून खाली ओढलं जातंय, कारण ॲक्सिलरेटर बंद असताना इनटेकमध्ये निर्वात पोकळी सर्वात जास्त असते. पावसाळ्यात सकाळी येणारा पांढरा धूर बहुतेक वेळा नुसती वाफ असते. इंजिन तापल्यावर तो थांबला तर काळजी नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. इंजिन गरम करा, प्लग काढा, गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारा. काटा 150 पीएसआयच्या आसपास किंवा त्याहून वर गेला तर इंजिनची तब्येत ठीक. 110 च्या खाली थांबला तर दुखणं आहे. मात्र कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) डीकॉम्प्रेसर, म्हणजे स्टार्टच्या वेळी थोडा दाब सोडणारी सोय, असलेल्या मॉडेलमध्ये आकडा मुळातच कमी दिसतो, तिथे कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा धरा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे साधारण 5 मिली, इंजिन ऑईल टाकून पुन्हा मोजा. एकदम वाढला तर गळती रिंगांकडून होती, ऑईलने ती तात्पुरती बुजली. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीयेत. या चाचणीआधी टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाशी सेट करायची फट) तपासलेले असले पाहिजेत. टॅपेट घट्ट असेल तर धडधाकट इंजिनही कमी कॉम्प्रेशन दाखवतं.

आवाजही बरंच सांगतो. वरून येणारा हलका टकटक टॅपेटचा. थंड इंजिनात येणारा आणि तापल्यावर कमी होणारा खडखडाट पिस्टनचा. चढाला लोड आल्यावर खालून खटखट आली तर कनेक्टिंग रॉडचं बिग एंड (क्रँककडचं टोक), आणि वेगाबरोबर वाढणारी घरघर क्रँक बेअरिंगची. शेवटचे दोन आवाज असतील तर हाफ इंजिन करू नका. नवा पिस्टन बसवला की कॉम्प्रेशन वाढतं आणि आधीच सैल झालेला रॉड आणखी लवकर जातो.

शेवटी ऑईल. काढलेलं ऑईल पांढऱ्या थाळीत ओतून उजेडात बघा. चंदेरी चुरा दिसला तर तो ॲल्युमिनियमचा, पिस्टन किंवा कॅमची बैठक घासतेय. लोहचुंबकाला चिकटणारे बारीक तुकडे असतील तर बेअरिंगवर संशय घ्या. ऑईल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी आहे.

गंजलेले बोल्ट

कोकणातल्या गाडीत निम्मा वेळ इथे जातो. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये, त्यात खारं पाणी, म्हणजे दोन धातूंच्या सांध्यात पांढरी भुकटी धरतेच. सायलेन्सरचे हेडमधले दोन स्टड आणि इंजिन हँगरचा (इंजिन चॅसीला धरणारा भाग) लांब बोल्ट हे तीन हमखास अडतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं स्प्रे ऑईल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी इंजिन कोमट करून नट आधी अगदी किंचित आवळा, मग सोडवा, थोडा मागे, थोडा पुढे. नुसता एका दिशेने जोर लावला तर स्टड हेडमध्येच तुटतो. मग ड्रिल, हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) आणि एक दिवस गेला. हँगरचा बोल्ट ठोकायचा असेल तर आट्यांच्या बाजूला नट बोल्टच्या टोकाशी सपाट येईल असा बसवा आणि नटावर ठोका, म्हणजे आटे वाचतात. भरताना या तिन्ही ठिकाणी तांब्याची अँटी-सीझ पेस्ट लावा. ती महाग नाही, आणि पुढच्या वेळी काम करणारा दुवा देईल.

सीटखालची डिकी, मधलं कव्हर, एअर फिल्टर, कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढला की हेडपर्यंत हात जातो. तरी रॉड-क्रँक बघायचा असेल किंवा जागा अपुरी वाटली तर पूर्ण इंजिन उतरवणंच बरं: वायरिंगचे कपलर, पेट्रोल आणि व्हॅक्यूमचे पाइप, ॲक्सिलरेटर आणि ब्रेकच्या केबल, मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट, आणि सर्वात शेवटी हँगर. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत इंजेक्टर आणि सेन्सर आहेत. बॅटरी आधी सोडा आणि प्रत्येक कपलरचा फोटो काढून ठेवा.

फॅन कव्हर आणि हेडभोवतीचं प्लास्टिक काढल्यावर आत काय आहे ते धुण्याआधी नीट बघा. बंद पडून राहिलेल्या गाडीत कुंभारीण माशीने फिनांच्या मधल्या फटीत मातीची घरटी केलेली सापडतात. उंदरांनी आणलेला काथ्या असतो, फॅनच्या तोंडाशी ऑईल आणि धुळीचा थर असतो. या इंजिनला थंड करणारी हवा याच फटींतून जाते. दोन-तीन फटी बुजल्या तरी हेडचा तेवढा भाग जास्त तापतो, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याचं कारण तिथेच सापडतं.

हेड आणि व्हॉल्व्ह

मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चाक) फिरवून ‘टी’ची खूण केसवरच्या (क्रँकभोवतीचं कवच) खुणेला जुळवा. कॉम्प्रेशनचा वरचा बिंदू असेल तर दोन्ही रॉकर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हला देणारे हात) हाताला किंचित सैल लागतात. एकही घट्ट लागला तर मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. टायमिंग चेनचा टेन्शनर मागे घेतल्यावर कॅमचा स्प्रॉकेट सोडवा, आणि चेन तारेने वर बांधून ठेवा. ती खाली केसमध्ये गेली की उगाच काम वाढतं.

हेडचे नट एकदम सोडू नका. तिरप्या जोडीने, पाव-पाव फेरा. इनटेक आणि एक्झॉस्टचे रॉकर, स्प्रिंग, लॉक (स्प्रिंग व्हॉल्व्हच्या दांड्यावर धरणारे बारीक तुकडे) वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. घासलेले पार्ट आपापल्या जोडीदाराशी जमलेले असतात, अदलाबदल झाली तर नव्याने घासतात. कॅमच्या उंचवट्यावर खड्डे किंवा रॉकरच्या घसरत्या तोंडावर पापुद्रे निघालेले दिसले तर दोन्ही एकत्र बदला. खराब रॉकर नवा कॅमही खातो.

स्प्रिंग दाबून लॉक चुंबकाने उचला. व्हॉल्व्ह बाहेर काढण्याआधी तो थोडा उचलून बाजूला हलवून बघा. एक्झॉस्टला जाणवण्याइतकी फट असते, पण तो डुगडुगता कामा नये. मायक्रोमीटर आणि गाइड मोजायचं साधन असेल तर या आकाराच्या इंजिनात इनटेकच्या दांड्याची फट 0.08 मिमी आणि एक्झॉस्टची 0.10 मिमी ही सर्वसाधारण मर्यादा समजा. दांडा वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तीन जागी मोजा. गाइड बदलायचा तर हेड भट्टीत किंवा ओव्हनमध्ये 130 ते 140 अंशांपर्यंत सारखं तापवतात, गॅसच्या ज्योतीने नाही. एका बाजूने तापवलेलं हेड वाकतं. नवा गाइड बसल्यावर आतलं भोक मापात आणायला रीमर मारावा लागतो, आणि गाइडचं केंद्र बदललेलं असल्याने सीट (हेडमधली व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) पुन्हा कापावीच लागते. हे लेथवर होणारं काम आहे. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, महाड इथे असे कारागीर मिळतात. ज्याच्याकडे 32, 45 आणि 60 अंशांचे तिन्ही कटर आहेत त्यालाच हेड द्या.

सीट बघायची साधी रीत अशी. व्हॉल्व्हच्या तोंडाला निळी मार्किंग शाई पातळ लावा, सीटवर टेकवून न फिरवता दाबा आणि उचला. सीटवर अखंड, सारख्या रुंदीची निळी कडा उमटली पाहिजे. रुंदी 1 मिमीच्या आसपास हवी. दीड मिमीच्या वर गेली तर दाब पसरतो आणि कार्बन अडकून गळती सुरू होते. फारच अरुंद असेल तर उष्णता व्हॉल्व्हमधून हेडमध्ये उतरत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो. कडा एका बाजूला तुटलेली दिसली तर सीट वाकडी आहे किंवा व्हॉल्व्ह वाकलाय. जळलेला, काठ कुरतडलेला किंवा तोंडावर खोल खळगा पडलेला व्हॉल्व्ह घासत बसू नका, नवा घ्या.

लॅपिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवायला, बारीक पेस्ट पुरते. जाड पेस्ट फक्त खड्डे असलेल्या सीटला, तीही जरुरीपुरती. तोंडावर तीन-चार ठिकाणी मोहरीएवढे ठिपके द्या, दांड्याला ऑईल लावा, रबरी कपाची काठी चिकटवा आणि ताक घुसळताना रवी फिरवतात तशी दोन्ही तळहातांत मागे-पुढे फिरवा. दहा-बारा वेळा झालं की व्हॉल्व्ह उचला, पाव फेरा वळवा आणि पुन्हा. सुरुवातीला पेस्ट करकरते. ती करकर मऊ झाली की बारीक दाणा मोडला असं समजा. तोंडावर आणि सीटवर एकसारखी, मंद करड्या रंगाची अखंड पट्टी उमटली की थांबा. त्यापुढे घासत राहिलात तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततो आणि टॅपेटचं सेटिंग संपत येतं. पेस्टचा कणही राहता कामा नये. गाइडच्या आतून ब्रश फिरवून हेड आधी डिझेलने, मग साबणाच्या पाण्याने धुवा आणि हवेने वाळवा.

नवे ऑईल सील बसवा, जुने कधीच नाही. दांड्याच्या खाचेची धार सीलची ओठी कापते, म्हणून दांडा ऑईलने भिजवून हळूच फिरवत घाला. स्प्रिंगचे जवळजवळ असलेले वेढे हेडच्या बाजूला येतात. लॉक बसल्यावर दांड्याच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने दोन हलके ठोके द्या, म्हणजे लॉक नीट बसतात. आता हेड उलटं-सुलटं करून पोर्टमध्ये डिझेल ओता आणि दहा मिनिटं थांबा. चेंबरच्या बाजूला व्हॉल्व्हच्या कडेवर ओल दिसली तर काम पूर्ण झालेलं नाही. हेडच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी धरून खाली फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. 0.05 मिमीची पट्टी आत जात असेल तर हेड लेव्हल करून घ्या.

ब्लॉक आणि पिस्टन

बोअर गेजशिवायही घासलेपण मोजता येतं. नवी रिंग पिस्टनने सरळ ढकलून बोअरच्या अगदी तळाशी न्या. तिथे रिंगा फिरत नाहीत, म्हणजे तो मूळ माप आहे. रिंगेच्या टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. मग तीच रिंग वर, जिथे पहिली रिंग थांबते तिथे नेऊन मोजा. दोन फटींतला फरक भागिले 3.14 म्हणजे व्यासातला फरक. फट 0.30 मिमीने वाढली तर बोअर साधारण 0.10 मिमीने मोठा झालाय, आणि त्याला नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे चार दिवसांची सोय. निरोगी बोअरमध्ये पहिल्या रिंगेची फट साधारण 0.10 ते 0.25 मिमी असते, 0.50 च्या वर ती टाकाऊ.

डोळ्यांनीही बघा. बोटाला लागणाऱ्या उभ्या रेघा धुळीच्या. काळपट गंजाचा आडवा पट्टा असेल तर गाडी पाण्यात होती किंवा एकाच जागी फार दिवस उभी होती. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात असंख्य गाड्या बुडाल्या, आणि अशा गाड्यांत हा पट्टा रिंगांच्या उंचीवर सापडतो. त्यात खड्डे असतील तर होनिंगने (आतली भिंत दगडाने हलकी घासणं) जात नाहीत, बोअर करावाच, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करावाच, लागतो. बुडालेल्या गाडीची क्रँक बेअरिंगही विश्वासाची नाहीत.

बोअर करायचा तर आधी पिस्टन आणा, मग ब्लॉक लेथवर न्या. ओव्हरसाइज पिस्टन 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिमीच्या टप्प्यात येतात, आणि पिस्टन-बोअरमधली फट काही शतांश मिमीचीच हवी. ती पिस्टन प्रत्यक्ष मोजूनच धरता येते. बोअर करण्याआधी आत चुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंडी लायनर (आतलं अस्तर) आहे. न चिकटला तर भिंतीला कोटिंग आहे, तो ब्लॉक बोअर होत नाही, ब्लॉक-पिस्टनचा सेटच घ्यावा लागतो. सेट मागताना गाडीचं वर्ष सांगा. ॲक्टिव्हाच्या जुन्या 109 सीसी इंजिनाचा बोअर 50 मिमी, बीएस-6 चा 47. नाव तेच म्हणून चुकीचा सेट गळ्यात पडतो.

होनिंगनंतर ब्लॉक पेट्रोलने पुसून भागत नाही. गरम पाणी, कपड्यांची पावडर आणि ब्रशने घासा. पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच बाहेर आलं पाहिजे. करडं आलं तर होनिंगची भुकटी अजून आहे आणि ती नव्या रिंगा खाणार. वाळवल्या वाळवल्या लगेच ऑईल लावा. जुलैच्या दमट हवेत कोरडा लायनर डोळ्यांदेखत तांबूस होतो.

ब्लॉक निघालेला असताना रॉड वर-खाली हलवून बघा. वर-खाली खेळ मुळीच नको. बाजूला थोडा सरकतो, ते ठीक, पण 0.55 ते 0.60 मिमीच्या वर नको. वर-खाली खेळ असेल तर केस उघडा, रॉड किट आणि दोन्ही बेअरिंग एकत्र बदला. क्रँक प्रेसवर उघडून पुन्हा सरळ करून देणारा माणूस डायल गेज लावून दाखवतो की नाही, ते विचारून घ्या.

भरणं

केसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबूनच पिस्टन-पिन बसवा. निसटलेली सर्कलिप (पिन जागेवर धरणारी तारेची कडी) आत पडली तर केस उघडावं लागतं. सर्कलिप नव्याच, आणि त्यांचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नका. पिस्टनवरची ‘आयएन’ खूण इनटेककडे, रिंगांवरची अक्षरं वर, तिन्हींच्या फटी 120 अंशांवर. दोन्ही डॉवेल पिन (भाग नेमके जुळवणाऱ्या पोकळ खुंट्या) जागेवर आहेत ना, हे गॅस्केट ठेवण्याआधी बघा. जुनं पॅकिंग स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून ऑईल झिरपतं.

हेडचे नट आट्यांना ऑईल लावून, तिरप्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलच्या टॉर्कने आवळा. 6 मिमीच्या साध्या बोल्टांना 10 न्यूटन-मीटर पुरतो, अंदाजाने आवळून आटे घालवू नका. ‘टी’ खूण आणि कॅम स्प्रॉकेटच्या खुणा जुळवा, टेन्शनर सोडा, आणि सेल्फला हात लावण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही कडक लागला तर थांबा. व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असू शकतो.

टॅपेट पूर्ण थंड इंजिनात, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीत. माप मॉडेलप्रमाणे 0.05 पासून 0.25 मिमीपर्यंत कुठेही असतं, आणि इनटेक-एक्झॉस्टचं वेगळं असू शकतं, म्हणून दुसऱ्या गाडीचा आकडा वापरू नका. फिलर पट्टी हलक्या ओढीने सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू चावीने धरून ठेवा आणि आवळल्यावर पुन्हा मोजा, बहुतेक वेळा माप हललेलं असतं. आवाज नको म्हणून टॅपेट घट्ट करणं हा सर्वात महागात पडणारा उपाय आहे. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, सीटमधून उष्णता उतरत नाही, आणि घाट चढताना त्याचा काठ जळतो. थोडा टकटक आवाज करणारा टॅपेट त्याहून कितीतरी बरा.

फॅनभोवतीच्या कव्हरचा एकही स्क्रू कमी ठेवू नका, फटीतून हवा निसटते. एअर फिल्टर नवा, आणि कागदी तेलकट फिल्टर असेल तर तो हवा मारून किंवा पेट्रोलने धुवून परत वापरायचा नाही. फिल्टर बॉक्सपासून कार्बोरेटरपर्यंतच्या रबराला चीर गेलेली असेल तर धूळ तिथूनच आली होती. ऑईल 10डब्ल्यू-30, साधारण 700 ते 800 मिली, नेमकं माप डीपस्टिकवर.

पहिल्या स्टार्टनंतर फार वेळ आयडलवर ठेवू नका, चालवा. पहिले 500 किमी रेस कमी-जास्त करत, 40-45 च्या आत. मागे माणूस आणि पुढे आंब्याची पेटी घेऊन घाट चढायचा मोह या काळात टाळा. 300 ते 500 किमीला ऑईल बदला, ऑईलची जाळी धुवा, आणि थंड इंजिनात टॅपेट पुन्हा मोजा. नवी सीट बसताना माप कमी होतं.

चाकरमान्यांची गाडी

गणपतीनंतर शिमग्यापर्यंत पडवीत उभी राहणारी गाडी ठेवण्याआधी ऑईल बदला, आणि कार्बोरेटर असेल तर त्यातलं पेट्रोल काढा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी शोषतं आणि ते पाणी तळाला बसून जेट गंजवतं. प्लग काढून 5 मिली ऑईल टाका, क्रँक दोन-तीनदा फिरवा आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या बिंदूवर ठेवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि दमट हवा चेंबरमध्ये शिरत नाही. प्लास्टिकचा कागद गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती कापड टाका आणि सायलेन्सरचं तोंड चिंधीने बंद करा. परत आल्यावर चिंधी काढा, प्लग काढून पुन्हा चमचाभर ऑईल टाका, तासभर थांबा आणि क्रँक हाताने फिरवा. सहज फिरला तर प्लग लावून किक मारा. अडकला तर जोर करू नका, ऑईल आणखी एक दिवस मुरू द्या.